आर्क-लेंथ लावलं तरी ॲनालिसिस अडकतंच? आधी ऋण पिव्हट मोजा

तक्रार नेहमी एकाच साच्यातून येते. पातळ पत्र्याचं छत, उथळ कमान किंवा सडपातळ सळयांची फ्रेम. त्याचं फायनाइट एलिमेंट मॉडेल (रचनेचे छोटे तुकडे करून केलेला हिशेब), नॉनलिनिअर भूमिती चालू, म्हणजे वाकल्यावर बदललेला आकारही हिशेबात. साधी स्टॅटिक स्टेप ९६-९७ टक्के लोडपर्यंत येते आणि धापा टाकायला लागते. मग ऑफिसातलं कोणीतरी म्हणतं, ‘अरे, रिक्स लाव ना.’ (रिक्स म्हणजे आर्क-लेंथ पद्धत, जी लोड शिखरावरून उतरतानाही वाट धरून चालते.) रिक्स लावलं जातं आणि दोन तासांनी माणूस पुन्हा टेबलाशी उभा. कधी आर्क-लेंथ, म्हणजे एका पावलाची लांबी, बारीक होत होत किमान मर्यादेला टेकलेली असते. कधी लोड शिखरापर्यंत चढून आल्या वाटेनंच गुपचूप शून्याकडे परतलेला असतो. आणि कधी काहीच अडलेलं नसतं. आलेख तुपासारखा गुळगुळीत आलेला असतो, फक्त उत्तर चुकीचं असतं. या तिसऱ्या प्रकारात माणूस टेबलाशी येतच नाही, म्हणून मला त्याचीच धास्ती जास्त.

यावर सगळ्यांचा ठरलेला उपाय म्हणजे आकडे चाळवणं. सुरुवातीची आर्क-लेंथ दहापट कमी कर, इन्क्रिमेंटची (पायऱ्यांची) संख्या हजारावर ने, टॉलरन्स (चालेल इतकी तफावत) सैल कर. मीही बरीच वर्षं हेच केलं. कधी जमायचं, पण का जमलं ते सांगता यायचं नाही. आता मी त्या आकड्यांना शेवटी हात लावतो. आधी लॉग फाइल उघडतो आणि प्रत्येक कन्व्हर्ज झालेल्या (समतोल जुळलेल्या) इन्क्रिमेंटला स्टिफनेस मॅट्रिक्समध्ये ऋण पिव्हट किती आहेत ते लिहून काढतो. (पिव्हट म्हणजे समीकरणं सोडवताना मॅट्रिक्सच्या कर्णावर उरणारे आकडे. एखादा ऋण झाला की कुठल्यातरी दिशेनं रचनेचा विरोध संपलेला असतो.) शेजारी लोड फॅक्टर, म्हणजे दिलेल्या लोडच्या किती पटीवर आहोत तो आकडा. दोनच रकाने, पण नव्वद टक्के निदान तिथेच होतं. कसं ते कागदावरच बघू.

तेलाच्या डब्याचा तळ

पंधरा किलोच्या तेलाच्या रिकाम्या डब्याचा तळ अंगठ्यानं दाबला की आधी थोडा झुकतो, मग टक्क करून आत बसतो. याचं सगळ्यात छोटं गणिती रूप म्हणजे दोन सळयांची उथळ कैची. पायथे बिजागरीवर, माथ्यावर खाली ढकलणारा लोड. फोन मिझेसनी १९२३ साली मांडलेली ही कैची आजही शिकवतात, आणि ती वहीत सोडवता येते.

माथा जितका खाली आला त्याला मूळ उंचीनं भागू आणि त्याला ‘व’ म्हणू. लोडला सळईच्या अक्षीय स्टिफनेसनं, म्हणजे यंग मॉड्युलस गुणिले क्षेत्रफळ यानं, आणि उंची भागिले सळईची लांबी या गुणोत्तराच्या घनानं भागू. तो आकडा ‘ल’. उथळ कैचीसाठी समतोलाचं समीकरण एवढंच राहतं:

ल = व (१ − व)(२ − व)

आणि उतार, म्हणजेच स्टिफनेस: ३व² − ६व + २.

व = ०.४२२६ ला उतार शून्य होतो आणि तिथे लोड ०.३८४९ असतो. हे शिखर, म्हणजे लिमिट पॉइंट. त्यानंतर लोड उतरतो, व = १ ला (सळया आडव्या सरळ) शून्य होतो, पुढे ऋण होतो आणि व = १.५७७ नंतर पुन्हा चढायला लागतो. प्रत्यक्षात लोड टांगलेलाच असेल तर कैची ०.४२२६ वरून थेट २.१५४७ वर उडी मारते. मधल्या वाटेवर ती क्षणभरही उभी राहत नाही.

आता साधं न्यूटन-रॅफसन (उताराच्या आधारानं फेरीफेरीनं उत्तराकडे सरकणं), लोड ठरवून. ल = ०.३० ला व = ०.२१३५ वर छान कन्व्हर्ज झालेलं आहे. पुढची पायरी ०.३९, म्हणजे शिखरापेक्षा केसभर वर. व च्या किमती अशा येतात: ०.३१९, ०.३८२, ०.४३७, आणि मग ०.३२९. तिसऱ्या फेरीत शिखर ओलांडलं, तिथे उतार −०.०५, तेवढ्याशा उतारानं भागल्यावर दुरुस्ती उलट्या दिशेला आणि मोठी. पुन्हा ०.३८९ आणि पुन्हा तोच खेळ. ‘कन्व्हर्ज होत नाही’ म्हणतात ते हेच. सॉफ्टवेअरचा यात काही दोष नाही. ०.३९ लोडला आसपास कुठे समतोलच नाही, ते बिचारं नसलेली गोष्ट शोधतंय.

आर्क-लेंथची कल्पना अशी की लोडही अज्ञात धरायचा आणि व-ल च्या कागदावर ठराविक लांबीचं पाऊल टाकायचं. वेम्पनर (१९७१) आणि रिक्स (१९७२) यांनी ती मांडली, १९८१ मध्ये क्रिसफिल्डनी ती मोठ्या फायनाइट एलिमेंट मॉडेलला पेलेल अशी केली. त्याच बिंदूपासून ०.२ लांबीचं पाऊल टाकू. स्पर्शिकेवरून पुढे गेलो की व = ०.३६५, ल = ०.४३०. हा अंदाज हवेत आहे, वाटेवर नाही. मग स्पर्शिकेला लंब रेषेवरून खाली सरकत वाटेवर यायचं: व = ०.४०५, ल = ०.३८४. फक्त दोन दुरुस्त्या. उरलेली तफावत ०.०५१, मग ०.००२६, मग ०.०००००८. दर फेरीला शून्यांची संख्या साधारण दुप्पट होते, हे निरोगी न्यूटनचं लक्षण. तुमच्या लॉगमध्ये तफावत दर फेरीला जेमतेम निम्मी होत असेल, तर रोग आर्क-लेंथमध्ये नाही, स्पर्शिकेच्या मॅट्रिक्समध्ये आहे. मटेरियल मॉडेलचा टॅन्जंट चुकलाय, किंवा पत्र्याबरोबर दिशा बदलणारा दाब लावलाय आणि सॉल्व्हर सिमेट्रिकवर ठेवलाय. असा दाब साधारणपणे मॅट्रिक्स असिमेट्रिक करतो. अनसिमेट्रिक सॉल्व्हर चालू करा, अर्धी दुखणी तिथेच संपतात.

पुढचं ०.२ चं पाऊल शिखर ओलांडून व = ०.६०८, ल = ०.३३२ वर उतरतं. इथपर्यंत सगळं गोड.

वाट का उलटते

आता आपण उतारावर आहोत. स्टिफनेस −०.५४. स्पर्शिकेला दोन टोकं असतात, पुढचं आणि मागचं. पुढे गेलो तर अंदाज व = ०.७८, ल = ०.२४. मागे गेलो तर व = ०.४३, ल = ०.४३. ज्या कोडमध्ये ‘पहिल्या अंदाजात लोड वाढवायचा’ असं गृहीत धरलंय, ते मागचं टोक निवडतं आणि शिखरावरून परत फिरतं. आलेखात चढती आणि उतरती रेष एकमेकींवर बसलेली दिसली की हेच झालंय असं समजा. स्वतःचा कोड लिहिणाऱ्या एम.टेक.च्या विद्यार्थ्यांत हा दोष फार.

दिशा ठरवायचे तीन नियम वापरात आहेत आणि ते कुठे फसतात हे माहीत असलं पाहिजे.

पहिला, क्रिसफिल्डच्या वेळेपासूनचा: मॅट्रिक्सच्या डिटरमिनंटचं चिन्ह बघा. ऋण असेल तर लोड उतरवा. आपल्या कैचीत तो बरोबर चालतो. फसतो तो वाटेला फाटा फुटतो तिथे, म्हणजे जिथून वेगळ्या आकाराची दुसरी समतोलाची वाट सुरू होते. तिथेही एक पिव्हट ऋण होतो, डिटरमिनंटचं चिन्ह बदलतं, पण मूळ वाटेवर लोड अजून चढतोच आहे. नियम म्हणतो ‘उतर’, कोड मागे फिरतो, फाट्याच्या अलीकडे आल्यावर चिन्ह पुन्हा धन, म्हणून पुन्हा पुढे. लोड फॅक्टर ०.८१, ०.८३, ०.८१, ०.८३ असा झुलत बसलेला दिसला तर आर्क-लेंथ कमी करू नका. काही उपयोग नाही, झोका फक्त लहान होईल.

दुसरा नियम: लोडनं केलेल्या कामाचं चिन्ह बघा. फाट्यावर हा शहाणा आहे, पण स्नॅप-बॅकला, म्हणजे लोडबरोबर विस्थापनही मागे येतं तिथे, आंधळा. तेही कैचीवरच दाखवतो. माथ्यावर लोड थेट न देता मध्ये एक स्प्रिंग बसवा आणि स्प्रिंगचं वरचं टोक ढकला. स्प्रिंगचा स्टिफनेस याच एककांत ०.५ धरा. कैचीचा सगळ्यात उभा ऋण उतार व = १ ला असतो, बरोबर −१. स्प्रिंग १ पेक्षा मऊ असली की वरच्या टोकाचं विस्थापन एका टप्प्यावर मागे यायला लागतं. ०.५ च्या स्प्रिंगला ते १.२७२ पर्यंत जातं, तिथून ०.७२८ पर्यंत परत येतं आणि मग पुन्हा पुढे जातं. त्या परतीच्या टप्प्यात लोडही उतरतोय आणि टोकाचं विस्थापनही, म्हणजे टोकापुरता उतार धन. कामाचा नियम म्हणतो ‘सगळं ठीक, लोड चढव’ आणि फसतो. मॅट्रिक्समध्ये मात्र एक ऋण पिव्हट अजून तसाच आहे. विस्थापन ठरवून चालवलेली पद्धत, म्हणजे डिस्प्लेसमेंट कंट्रोल, इथेच मरते. ‘डिस्प्लेसमेंट कंट्रोल लावलं तरी अडकतं’ या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा हेच. (जाता जाता: प्रयोगशाळेतलं टेस्टिंग मशीन ही अशीच एक स्प्रिंग आहे. मऊ मशीनवर नमुना ‘अचानक तुटला’ असं रिपोर्टमध्ये लिहिलं जातं. अचानकपणातला किती वाटा नमुन्याचा आणि किती मशीनचा, ते कोणी विचारत नाही.)

तिसरा नियम: आधीच्या पायरीत ज्या दिशेनं आलो, तिच्याशी नव्या स्पर्शिकेचा डॉट प्रॉडक्ट धन ठेवा, म्हणजे दोन्हींमधला कोन काटकोनापेक्षा कमी. हा फाटा आणि स्नॅप-बॅक दोन्ही निभावतो. दि सूझा नेटो आणि फेंग यांनी १९९९ मध्ये या मुद्द्याची नीट चिरफाड केली आहे. स्वतःचा कोड असेल तर हाच वापरा. अबॅकस या सॉफ्टवेअरमधलं रिक्सही याच धर्तीवर दिशा निवडतं. याचा कच्चा दुवा एकच: वाटेचं वळण अगदी तीक्ष्ण असेल आणि पाऊल मोठं पडलं, तर मागची दिशा पुढची वाटू शकते. म्हणून अबॅकसमध्ये लोक किमान आर्क-लेंथशी झटतात तिथे मी आधी कमाल आर्क-लेंथला लगाम घालतो. सुरुवातीला सगळं सुरळीत असताना सॉफ्टवेअर पाऊल वाढवत नेतं आणि वळणावर भरधाव पोहोचतं.

अर्ध्या मॉडेलचा सापळा

आता तो तिसरा प्रकार, ज्यात काहीच अडत नाही.

दोन्ही टोकं बिजागरीवर असलेली, साइनच्या आकाराची उथळ कमान घ्या, लोडही तशाच आकाराचा. कमानीच्या माथ्याची मूळ उंची ‘उ’, सध्याची उंची ‘म’, आणि छेदाची जायरेशन त्रिज्या ‘त्र’. कमान सिमेट्रिक पद्धतीनंच खचते असं धरलं तर शिखर येतं तेव्हा म² = (उ² − ४त्र²) ÷ ३. पण कमान एका बाजूला कलंडूनही खचू शकते, इंग्रजी एस अक्षरासारखी. त्यासाठी आतला दाब सरळ खांबाच्या दुसऱ्या ऑयलर लोडइतका, म्हणजे पहिल्याच्या चौपट, झाला पाहिजे. तो क्षण येतो म² = उ² − १६त्र² ला.

यातलं आधी कुठलं? खचताना माथा वरून खाली येतो, म्हणून ज्याचा ‘म’ मोठा ते आधी. दोन्हींची तुलना केली की निघतं: उ² जर २२त्र² पेक्षा जास्त असेल, म्हणजे उंची जायरेशन त्रिज्येच्या ४.६९ पट ओलांडत असेल, तर कलंडणं आधी. आयताकृती छेदात जायरेशन त्रिज्या म्हणजे जाडी भागिले √१२. तेव्हा उंची जाडीच्या सुमारे १.३५ पट झाली की कमान सिमेट्रिक खचतच नाही. दहा मिलिमीटरच्या पट्टीला १४ मिलिमीटर उंची म्हणजे डोळ्याला जेमतेम दिसणारी वाक. प्रत्यक्षातल्या जवळपास सगळ्या कमानी या मर्यादेच्या पलीकडे आहेत.

आणि आपण काय करतो? भूमिती सिमेट्रिक, लोड सिमेट्रिक, मग अर्धंच मॉडेल. मध्यरेषेवर सिमेट्रीची अट घातली की कलंडण्याचा मोड (खचण्याचा तो आकार) मॉडेलमधून हद्दपार होतो. रिक्स मजेत सिमेट्रिक शिखरापर्यंत चढतं. ऋण पिव्हट शिखरावरच येतो. सगळं पाठ्यपुस्तकासारखं, फक्त खरी कमान त्याच्या कितीतरी आधी पडलेली असते.

पूर्ण मॉडेल केलं तरी एवढ्यानं भागत नाही. अगदी अचूक सिमेट्रिक मेशवर कलंडायला कारणच नसतं, म्हणून सॉल्व्हर मूळ वाटेवरच चालत राहतो. फरक इतकाच की आता लॉग बोलतो: लोड चढता असतानाच ऋण पिव्हटची संख्या शून्यावरून एकवर जाते. म्हणून ते दोन रकाने. लोड सपाट होतानाच पिव्हट ऋण झाला तर लिमिट पॉइंट. लोड बेफिकीर चढतोय आणि पिव्हट ऋण झाला तर फाटा ओलांडून गेलात, आणि त्यापुढचा सगळा आलेख अशा समतोलाचा आहे जो प्रत्यक्षात उभा राहू शकत नाही. संख्या एकदम शून्यावरून दोन झाली तर दोन मोड जवळजवळ आहेत. गोल, वर्तुळाकार रचनांमध्ये मोड जोडीनंच येतात, तिथे दचकू नका.

पिव्हट मोजताना दोन पथ्यं. कन्व्हर्ज न झालेल्या फेऱ्यांमधली संख्या धरू नका, तिला अर्थ नसतो. आणि कॉन्टॅक्ट किंवा हायब्रिड एलिमेंटमध्ये लॅग्रांज मल्टिप्लायर (अटी पाळायला घातलेले जादा अज्ञात) असतील तर काही ऋण पिव्हट गणिताच्या मांडणीतूनच येतात, म्हणून पहिल्या इन्क्रिमेंटची संख्या आधार धरून तिच्यात बदल कधी होतो ते बघा. पहिल्याच इन्क्रिमेंटला शून्य पिव्हटचा इशारा आला तर तो बकलिंगचा (दाबाखाली एकदम वाकून खचण्याचा) विषय नाही. एखादा भाग कशालाही न बांधता तरंगतोय, तो शोधा.

मी यात स्वतः कसा पडलो ते सांगतो. एका साखर कारखान्याच्या मळीच्या टाकीचं घुमटाकार छत होतं. टाकी उपसताना व्हेंट तुंबला तर आत पोकळी होऊन बाहेरची हवा छत दाबते, तेवढ्या दाबाला ते टिकतं का, हा प्रश्न. गोल छत, एकसारखा दाब, म्हणून मी ॲक्सिसिमेट्रिक मॉडेल केलं, म्हणजे एकच काप घेऊन तो अक्षाभोवती सगळीकडे सारखा धरला. दहा मिनिटांत रिक्स पूर्ण, देखणा आलेख, भरपूर सुरक्षितता. रिपोर्टचा मसुदाही तयार. एका ज्येष्ठ सहकाऱ्यानं चहा पिता पिता विचारलं, ‘किती पाकळ्या आल्या?’ मला प्रश्नच कळला नाही. पातळ उथळ घुमट बहुधा गोल राहून बसत नाहीत, कडेजवळ परिघावर लाटा पडतात, पाकळ्यांसारख्या. ॲक्सिसिमेट्रिक मॉडेलमध्ये पाकळी काढायला जागाच नसते. पूर्ण शेल (अख्ख्या पातळ पत्र्याचं) मॉडेल केलं. त्यात माझं आधीचं शिखर यायच्या बरंच अलीकडे पिव्हट ऋण झाले, एकदम दोन. त्या रात्री रिपोर्टचं ते पान फाडलं.

त्या दिवसापासून घुमट आला की कागदावर एक आकडा आधी काढून ठेवतो. झोएलींनी १९१५ मध्ये दिलेल्या सूत्रानं, अख्ख्या गोलाचा आदर्श बकलिंग दाब म्हणजे सुमारे १.२१ गुणिले यंग मॉड्युलस गुणिले (जाडी ÷ त्रिज्या)². स्टीलच्या ६ मिमी पत्र्याला आणि १० मीटर त्रिज्येला तो सुमारे ८७ किलोपास्कल येतो. लिनिअर बकलिंगचा (मूळ आकारावरून काढलेल्या बकलिंगच्या अंदाजाचा) पहिला आकडा याच्या आसपासही नसेल तर रिक्स चालवायची घाई नको, एककं किंवा टेकू तपासा. आणि ८७ ला डिझाइनचा आकडा समजू नका, त्याचं कारण पुढे आहे.

दोष पेरताना

फाट्यावरून योग्य वाटेला वळायचा व्यवहारी मार्ग म्हणजे भूमितीत मुद्दाम थोडा दोष पेरणं. आधी लिनिअर बकलिंग चालवायचं, त्यातल्या मोडचा आकार जाडीच्या काही अंशानं मूळ नोडवर चढवायचा आणि मग रिक्स. फाटा बोथट होऊन साधा लिमिट पॉइंट बनतो.

इथे चुका तीन ठिकाणी होतात. लोक फक्त पहिला मोड पेरतात. पहिले पाच-सहा मोड एकमेकांच्या दोन-तीन टक्क्यांत असतील, आणि शेलमध्ये बहुधा असतातच, तर एकटा पहिला मोड फसवा ठरतो, चार-पाच मिसळा. दुसरं, दोष इतका सूक्ष्म ठेवतात, जाडीच्या हजाराव्या भागाइतका, की वळण सुरीच्या धारेसारखं तीक्ष्ण राहतं आणि वर सांगितलेली दिशेची गफलत होते. मी जाडीचा शंभरावा भाग, दहावा भाग आणि पूर्ण जाडी अशा तीन धावा करतो. तिसरं, लिनिअर बकलिंग अर्ध्या मॉडेलवर करून त्याचा मोड पूर्ण मॉडेलमध्ये आरसा लावून चढवतात. असले महाभाग मी पाहिलेत, त्यातला एक रोज आरशात दिसतो.

तीन धावांचे आकडे बघताना कॉइटरची आठवण ठेवा. १९४५ च्या डेल्फ्टमधल्या प्रबंधात त्यांनी दाखवलं की अस्थिर फाट्याशी शिखराची घट दोषाच्या सरळ प्रमाणात नसते. सिमेट्रिक फाट्याला ती दोषाच्या दोन-तृतीयांश घाताप्रमाणे जाते, असिमेट्रिकला वर्गमुळाप्रमाणे. म्हणजे सिमेट्रिकमध्ये दोष आठपट केला तर घट चौपट. उलट बाजूनं वाचलं की खरी गोम कळते: अगदी बारक्या दोषालाच घट सगळ्यात वेगानं होते. म्हणून ‘आमचं फॅब्रिकेशन उत्तम आहे’ हा युक्तिवाद शेलमध्ये फार टिकत नाही, आणि म्हणून ते ८७ किलोपास्कल कागदावरच शोभतात.

एककं आणि आकार

स्वतःचा कोड किंवा ओपनसीस हे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी हा मुद्दा. पाऊल मोजताना आपण मिलिमीटर, रेडियन आणि लोड फॅक्टर एकाच वर्गमुळाखाली घालतो. मॉडेल मीटरमध्ये असेल तर विस्थापनं ०.०१ च्या घरात, लोड फॅक्टर १ च्या घरात. पाऊल जवळजवळ सगळं लोडनंच ठरतं आणि नाव आर्क-लेंथ असलं तरी चाललेला असतो शुद्ध लोड कंट्रोल. तोच शिखरावर अडकतो. मिलिमीटरमध्ये तेच मॉडेल सुटतं आणि माणूस चक्रावतो. क्रिसफिल्डनी लोडची संज्ञा काढूनच टाकली, ते सिलिंड्रिकल रूप, आणि बहुतेकदा तेच बरं. ओपनसीसमध्ये आर्क-लेंथला दुसरा आकडा द्यावा लागतो, अल्फा, तो हेच वजन ठरवतो. तो १ वर ठेवून पुढे जाऊ नका.

शिवाय मेश दुप्पट बारीक केला की नोड चौपट होतात आणि त्याच विकृतीला सगळ्या विस्थापनांच्या वर्गांच्या बेरजेचं मूळ साधारण दुप्पट येतं. जाड मेशवर जमलेली आर्क-लेंथ बारीक मेशवर निम्मी पडते. ‘मेश बारीक केला आणि बिघडलं’ या तक्रारीत हे कारण निम्म्या वेळा असतं.

बकलिंग एखाद्या कोपऱ्यातल्या हातभर तुकड्यात होत असेल तर सगळ्या मॉडेलच्या विस्थापनांत त्याचा आवाज ऐकूच येत नाही. तिथे पाऊल त्या तुकड्यातल्या दोन-चार नोडवरून, किंवा दोन नोडमधल्या अंतरावरून मोजावं. भेगा पडणाऱ्या काँक्रीटसाठी दि बोर्स्ट यांनी १९८० च्या दशकात हाच मार्ग धरला होता.

सॉफ्टवेअर कुठलंही असो, दोष त्याचा की आपला हे ठरवायला एक जुनी कसोटी आहे. ती एकदा स्वतः करून बघाच. सिलिंडरच्या आकाराचं उथळ छत, त्रिज्या २५४० मिमी, सरळ कडांची लांबी ५०८ मिमी, मध्यापासून दोन्हीकडे ०.१ रेडियन, यंग मॉड्युलस ३१०२.७५ न्यूटन प्रति चौरस मिमी, पॉइसन ०.३; सरळ कडा बिजागरीवर, वक्र कडा मोकळ्या, मध्यभागी एकच लोड. जाडी १२.७ मिमी ठेवली तर शिखर सुमारे २.२ किलोन्यूटनला येतं आणि डिस्प्लेसमेंट कंट्रोलही निभावतो. जाडी निम्मी, ६.३५ मिमी केली की शिखर ०.६ किलोन्यूटनच्या आसपास घसरतं, मध्यबिंदूचं विस्थापन मागे येतं आणि लोड शून्याखाली जातो. ही दुसरी वाट तुमच्या सेटिंगनं पूर्ण चालली तर सेटिंग ठीक आहे, मॉडेलमध्ये शोधा.

अबॅकसवाल्यांसाठी दोन गोष्टी, कारण रोज विचारल्या जातात. रिक्स स्टेपच्या आधी लावलेले लोड स्थिर राहतात, रिक्समधला लोडच फॅक्टरनं गुणला जातो. स्वतःचं वजन रिक्समध्येच घातलंत तर वजनही पट-पट वाढेल आणि आलेला फॅक्टर निरर्थक. वजन आधीच्या स्टेपमध्ये घाला. आणि रिक्स स्टेपमधला ‘टाइम’ हा वेळ नाही, लोडही नाही, ती चाललेली आर्क-लेंथ आहे. आलेखाच्या आडव्या अक्षावर तो टाकून ‘लोड ३.७ पट गेला’ म्हणणारे रिपोर्ट मी तपासलेत.

रिक्स सोडून द्यायची वेळ

कॉन्टॅक्ट सुटतोय-लागतोय अशा जागी आर्क-लेंथ फारसं चालत नाही. वाटच तुटक असते, स्पर्शिका एका पायरीत बदलते. पत्रा उडी मारून दुसऱ्या पत्र्यावर आपटतो अशा मॉडेलला इम्प्लिसिट डायनॅमिक्स (वेळेबरोबरची हालचालही धरणारी गणना) लावा, थोडं डॅम्पिंग द्या, संथ चालवा. उडीनंतर रचना कुठे जाऊन बसते एवढंच हवं असेल तरीही डायनॅमिक्सच सोपं, मधल्या अस्थिर वाटेशी आपलं काही घेणं नसतं.

स्टॅटिकमधलं कृत्रिम स्टॅबिलायझेशन, म्हणजे रचनेला धरून ठेवणारं खोटं डॅम्पिंग, मला मनापासून आवडत नाही, पण वापरतो. अबॅकसमध्ये त्याचा मूळ अंश २×१०⁻⁴ असतो. लोक अडलं की तो दहापट वाढवतात, पुन्हा दहापट, आणि मॉडेल अखेर मधात बुडवल्यासारखं शेवटपर्यंत चालतं. त्यात गिळलेली ऊर्जा आणि एकूण स्ट्रेन एनर्जी एकाच आलेखावर काढा. शिखराजवळ पहिली दुसरीच्या एक-दोन टक्क्यांवर गेली की तो शिखराचा आकडा मी रिपोर्टमध्ये घेत नाही.

हे सगळं करूनही अडलात आणि कोणाला विचारायचं असेल, तर ‘रिक्स कन्व्हर्ज होत नाही’ एवढंच लिहून विकृत आकाराचं रंगीत चित्र पाठवू नका. शेवटच्या दहा कन्व्हर्ज झालेल्या इन्क्रिमेंटचे लोड फॅक्टर, ऋण पिव्हटची संख्या, प्रत्येकीला लागलेल्या फेऱ्या आणि अडलेल्या इन्क्रिमेंटमधली फेरीगणिक उरलेली तफावत, एवढं पाठवा. मॉडेल पूर्ण आहे की अर्धं, तेही.